अनोळखी वाचकाच्या एका मेसेजवर किती लिहून होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. क्रमशः कथा ऑनलाइन टाकत होतात, चार भाग झाले, कोणी वाचतंय असं वाटेना म्हणून सोडून दिलीत. मग कित्येक महिन्यांनी एका पूर्ण अनोळखी माणसाचा मेसेज आला की पुढचा भाग कधी, ती बाई किल्ली परत करते की नाही तेवढं तरी सांगा. त्या उत्साहात दोन भाग झपाट्याने लिहिलेत, टाकलेत, आणि तो माणूस गायब. ना मेसेज ना काही. आता परत हात चालत नाहीये, आणि तुम्ही विचारताय की असा वाचक परत कसा मिळवायचा आणि मुळात अनोळखी माणसाच्या जिवावर लिहिणं बरोबर आहे का.

मी बरीच वर्षं लिहितोय, आणि त्याहून जास्त वेळ नव्याने लिहिणाऱ्यांचे अर्धवट ड्राफ्ट वाचण्यात गेलाय, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन देऊन टाकतो: हो, बरोबर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "खरा लेखक स्वतःसाठीच लिहितो" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. स्वतःसाठी डायरी असते, आणि तिच्यात आपण माणसांची नावंसुद्धा धड लिहीत नाही, नुसतं पहिलं अक्षर, कारण आपल्याला माहितीच असतं कोण ते. ज्या क्षणी तुम्ही "ती दार ढकलून आत आली" असं पूर्ण वाक्य लिहिता त्या क्षणी तुम्ही कोणालातरी सांगायला लागलेले असता. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत श्रोत्यांकडे अवधान मागितलंय, फक्त तेवढं एक द्या म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाला समोरच्याचं लक्ष मागायला संकोच वाटला नाही, मग आपण कशाला वाटून घ्यायचा.

पहिला प्रश्न मात्र मला जरा वेगळ्या बाजूने घ्यायचाय. तुम्ही त्या माणसाच्या मागे लागलाय, पण त्याने जे दिलं ते तुम्ही अजून नीट वापरलेलंच नाही असं मला वाटतं. तो मेसेज परत काढून वाचा. त्यात "छान लिहिता" नाहीये, "लिहीत राहा" नाहीये. त्यात किल्ली आहे. एका माणसाने, ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, ज्याला तुमचं खरं नावही बहुतेक माहीत नाही, त्याने इतके महिने ती किल्ली डोक्यात ठेवली. चार भागांत पात्रं असतील, वाद असतील, पावसाचं वर्णन असेल (सगळेच लिहितात), पण राहिली ती किल्ली. म्हणजे तुमच्या लिखाणात कोणती गोष्ट माणसाला धरून ठेवते हे तुम्हाला फुकटात कळलं, आणि कळलं ते अशा माणसाकडून ज्याला तुमचं मन राखायची काहीच गरज नव्हती.

आता सहाही भाग घेऊन बसा आणि बघा की पाचव्या-सहाव्यात किल्लीचं काय झालं. मी ते भाग वाचलेले नाहीत, पण असे झपाट्यात लिहिलेले भाग खूप वाचलेत, आणि त्यात दोनच प्रकार दिसतात. एकतर लेखक वाचकाला इतका भुलतो की पाचव्या भागाच्या सुरुवातीलाच त्याने विचारलेलं सांगून मोकळा होतो, किंवा उत्साहात भलतीकडेच जातो आणि किल्ली विसरतो. पहिलं केलं असेल तर तुमचा वाचक गायब झालेला नाही हो, त्याने एक प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळालं, तो समाधानाने आपल्या कामाला लागला. याला रुसणं म्हणत नाहीत. दुसरं केलं असेल तर तो अजून वाट बघत असेल किंवा वैतागून गेला असेल, पण तेही दुरुस्त करता येतं, पुढच्या भागात.

घरच्यांनी आणि मित्रांनी वाचलं की असं काही कळत नाही, याचं कारण त्यांचं प्रेम कमी आहे असं नाही, उलट जास्त आहे म्हणूनच. ते वाचताना तुमचा आवाज ऐकत असतात. जिथे वाक्य अपुरं आहे तिथे तुम्हाला काय म्हणायचंय ते ते आपल्या मनाने भरून घेतात, आणि वर म्हणतात मस्त झालंय. अनोळखी माणसाकडे फक्त तुमची अक्षरं असतात. पहिल्या परिच्छेदात कंटाळा आला की अंगठा हलवला, संपला विषय, त्याची परवानगी तो तुम्हाला विचारणार नाही. तरीही तो चौथ्या भागापर्यंत आला असेल तर त्याला तिथवर मजकुराने आणलंय, तुमच्या ओळखीने नाही.

हे काही इंटरनेट आल्यावर झालेलं नाही. 1832 मध्ये फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकला ओडेसाहून एक निनावी पत्र आलं, खाली सही नुसती "परकी स्त्री" अशी. पत्र कौतुकाचं होतं पण नुसतं कौतुकाचं नव्हतं. तिची तक्रार होती की तुमच्या आधीच्या कथांमध्ये बायकांच्या मनाची जी नाजूक जाण दिसायची ती अलीकडच्या कादंबरीत हरवली. पत्ता नसल्यामुळे उत्तर पाठवायची सोय नव्हती, तर या गृहस्थाने वर्तमानपत्रात पत्र पोचल्याची जाहिरात दिली. ती बाई म्हणजे एव्हेलिना हान्स्का, पुढे 1833 मध्ये भेट झाली, पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला आणि 1850 मध्ये लग्न झालं, त्याच वर्षी तो वारला. लग्नाचा भाग सोडून द्या, ती काही लेखनाची पद्धत नाही. मला त्यातलं पहिलं पत्र महत्त्वाचं वाटतं. त्या काळात बाल्झाक पॅरिसमध्ये प्रसिद्ध होता, स्तुतीची पत्रं त्याला येतच असणार, पण जिने आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून काय हरवलं ते सांगितलं तिच्यासाठी तो जाहिरात देण्यापर्यंत गेला.

आता उमेदीबद्दल, कारण तुमचा खरा त्रास तो आहे. एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये एक प्रयोग छापला होता. कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, काहींना मधल्या फेरीत प्रत्येक कोड्याला पैसे दिले आणि नंतर बंद केले. पैसे बंद झाल्यावर ती मुलं मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावायला लागली, आधी ती आवडीने सोडवत होती तरी. पण ज्यांना पैशाऐवजी तोंडी शाबासकी दिली त्यांची गोडी तशी उतरली नाही. नंतर डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यावर पुढे बरंच काम केलं, त्याचा माझ्या कामापुरता अर्थ एवढाच की बाहेरून येणारी दाद दोन तऱ्हांनी आत जाते. एक, तुला हे जमतंय, आणि हे असं जमतंय, ही माहिती म्हणून. दुसरी, मी सांगतो म्हणून तू हे कर, असा लगाम म्हणून. माहिती म्हणून आली तर उमेद वाढते, लगाम म्हणून आली तर दाद थांबल्या दिवशी काम थांबतं.

तुमच्याकडे एकच मेसेज आला आणि तो दोन्ही होऊ शकत होता. "किल्ली लक्षात राहिली" ही माहिती. "पुढचा भाग कधी" हा लगाम. तुम्ही लगाम धरून पळालात, दोन भाग झाले, लगाम सुटला तसे थांबलात. यात तुमचा काही दोष आहे असं मी म्हणत नाहीये, सगळे आधी तेच ऐकतात कारण "कधी" हा शब्द कानाला गोड लागतो, कोणीतरी आपली वाट बघतंय. पण बघा, पहिली गोष्ट अजून तुमच्याकडेच आहे. तो माणूस उद्या फोन बंद करून डोंगरात राहायला गेला तरी ती कमी होणार नाही.

आणि मेसेजची वाट बघत फोन चाळत राहणं, हे लिहिण्याच्या मुळावर येतं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचं मोठं काम छापलं, त्यातली गंमत अशी की दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम नसेल तेव्हा कबुतर जास्त चिकाटीने टोचतं आणि दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ टोचत बसतं. एखादाच मेसेज कधीतरी, कसाही, कुठूनही येणं म्हणजे अगदी तीच व्यवस्था. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक साधी अट घालतो: भाग टाकायच्या आधी पुढच्या भागाचा पहिला परिच्छेद लिहून तयार पाहिजे, चांगला नसला तरी चालेल, पण पाहिजे. कारण टाकल्यानंतरचे दोन दिवस माणूस लिहिण्याच्या कामाचा उरत नाही, तो इनबॉक्सचा पहारेकरी होतो, आणि तिसऱ्या दिवशी शांतता असली की कोऱ्या पानासमोर बसायचं बळ राहत नाही. अर्धं पान आधीच भरलेलं असेल तर निदान खोडायला तरी बसतो.

मग त्या वाचकाचं करायचं काय? त्याला लिहिण्याच्या टेबलाशी बसवायचं, पण प्रत्यक्षात नाही. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकने 1951 मध्ये त्याची मोठी कादंबरी लिहिताना एक वही केली होती, डाव्या पानावर रोज आधी आपल्या संपादक मित्राला पत्र लिहायचा, आज काय लिहायचंय, कुठे भीती वाटतेय, पेन्सिली कशा आहेत असलं काहीही, आणि मग उजव्या पानावर कादंबरी. रोज पत्र लिहिताना त्याला कोणी उत्तर देत नव्हतं, तरी काम चालत होतं. तुम्ही हे त्या किल्लीवाल्या माणसाला उद्देशून करा. आठ-दहा ओळी: तुम्ही किल्लीबद्दल विचारलंत, आज मी ती अशा ठिकाणी ठेवणार आहे की तुम्हाला वाटेल हरवली. पत्र पाठवायचं नाही, फाडलं तरी चालेल. याचा फायदा काय, तर भाषा सैल होते. कोऱ्या पानाशी आपण भाषण करतो, एका माणसाशी बोलतो. ज्यांचं लिखाण निबंधासारखं ताठ असतं त्यांच्यावर हा उपाय पहिल्याच आठवड्यात दिसतो, त्यासाठी व्याकरण वगैरे काही शिकावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी. तो वाचक म्हणजे कोण हे मनाने रंगवू नका फार. त्याचं प्रोफाइल उघडून वय काय, काम काय, फोटोत कोण आहे हे बघत बसलात की तुम्ही त्या खऱ्या माणसासाठी लिहायला लागता आणि त्याला न आवडणाऱ्या गोष्टी टाळायला लागता. अनोळखी आहे तोवर तो उपयोगाचा आहे.

त्याचं मत चूक असू शकतं हेही धरून चाला. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने एप्रिल 1862 मध्ये टॉमस हिगिन्सन या कधीही न भेटलेल्या लेखकाला चार कविता पाठवून विचारलं की माझी कविता जिवंत आहे का ते सांगाल का. त्याने नव्या लेखकांसाठी एक लेख लिहिला होता, तेवढीच ओळख. हिगिन्सनला तिची लय ओबडधोबड वाटली, छापायची घाई करू नका असा त्याचा सल्ला. तिने लय बदलली नाही, पण त्याला पत्रं लिहिणं 1886 मध्ये ती जाईपर्यंत सोडलं नाही, आणि मधल्या इतक्या वर्षांत दोनदाच काय ती भेट झाली. तिच्या जवळपास 1,800 कवितांपैकी हयातीत छापल्या गेल्या त्या अगदी मोजक्या. म्हणजे बघा, बाईंनी त्याचं लक्ष घेतलं आणि दुरुस्त्या बाजूला ठेवल्या. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. अनोळखी वाचक "इथे मी अडलो" म्हणाला तर तो जवळजवळ नेहमी बरोबर असतो, कारण अडला तो आहे. "इथे असं करा" म्हणाला तर ते त्याचं घोडं, तुमच्या गोष्टीला जुंपायची गरज नाही.

उत्तर द्यावं का, तर द्यावं, एकदा, थोडक्यात. आभार मानावेत आणि वाटल्यास एकच प्रश्न विचारावा. "आवडलं का" हा प्रश्न विचारायचा नाही, त्याला "हो" सोडून सभ्य माणसाकडे उत्तर नसतं. "वाचताना कुठे थांबलात?" किंवा "कोणता भाग गाळून पुढे गेलात?" असं विचारलं तर कामाचं काही हाती लागतं. पुढच्या भागाचा कच्चा खर्डा मात्र त्याला पाठवू नका. त्याने वाचक म्हणून मेसेज केला होता, तुम्ही त्याला फुकटचा संपादक करून टाकलंत तर तो संकोचाने पळून जातो, मग आपण म्हणतो वाचक गायब झाला.

आणि सगळेच अनोळखी वाचक वाचक नसतात, हे आजकाल सांगावंच लागतं. लेखकांना हल्ली अशी लांबलचक गोड पत्रं येतात ज्यात तुमच्या कथेचा सारांश, पात्रांची नावं, "मानवी नात्यांचा हृदयस्पर्शी वेध" वगैरे सगळं असतं, कारण ते यंत्राने मजकुरावरून तयार केलेलं असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात प्रसिद्धी करून देतो, वाचकगटात चर्चा ठेवतो, छापून देतो, फक्त एवढी फी भरा असं येतं. ओळखायची खूण मी सांगतो. खऱ्या वाचकाचं पत्र एकांगी असतं. त्याला एकच गोष्ट लागलेली असते, बाकीचं तो विसरलेला असतो, कधीकधी पात्राचं नावही चुकीचं लिहितो. सगळं व्यवस्थित आठवणारा, सगळंच आवडलेला आणि काहीच न खटकलेला वाचक दिसला की पैशाची गोष्ट निघेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कोणी फार जवळीक करायला लागला, नंबर, पत्ता, फोटो मागायला लागला, तर तिथेही उत्तर देणं थांबवा, वाचक म्हणून त्याला तुमचं लिखाण मिळतंय तेवढं पुरे. लेखनासाठी वेगळा ईमेल ठेवा म्हणजे हे सोपं जातं.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुम्ही म्हणालात "कोणी वाचत नव्हतं". व्ह्यू म्हणजे पान उघडलं, वाचलं असं नव्हे, हे खरं, पण उलट बाजूही खरी आहे, न बोलणारे म्हणजे न वाचणारे नव्हेत. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने 2006 मध्ये ऑनलाइन सहभागाचा एक ढोबळ हिशेब मांडला होता, 100 माणसं असली तर 90 नुसती बघतात, 9 कधीमधी काही बोलतात, 1 जण सतत बोलतो. प्रत्येक ठिकाणी आकडा तंतोतंत तसा येत नाही, पण गप्प वाचक बोलक्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात यात वाद नाही. त्यामुळे एकूण व्ह्यू बघू नका, भागामागून भाग बघा. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना गळती सगळ्यांचीच मोठी असते, तिकडे दुर्लक्ष करा. तिसऱ्यावरून चौथ्यावर किती टिकले ते बघा, कारण तिसऱ्यापर्यंत आलेला माणूस चुकून आलेला नसतो. तिथे जर मोजकेच पण तेच तेवढे लोक दिसत असतील तर तुम्ही बंद केलंत तेव्हा कोणीतरी मधेच अडकलं होतं, आणि त्यातल्या एकाने कंटाळून शेवटी विचारलं, एवढंच.

आणि समजा तेवढेही नसतील तर? तर संस्कृत नाटककार भवभूतीची गोष्ट आहेच. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी त्याने नाटकाच्या प्रस्तावनेत नावं ठेवणाऱ्यांना सुनावलं होतं की हे तुमच्यासाठी नाहीच, माझ्यासारखा कोणीतरी, माझा "समानधर्मा", कधीतरी जन्मेल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. लोक हे अभिमानाचं वाक्य म्हणून सांगतात. मला ते कामाचं वाक्य वाटतं, कारण न दिसणारा वाचक मनात पक्का करून तो माणूस पुढचं नाटक लिहायला मोकळा झाला. फक्त आपल्याला एक फायदा आहे, आपला समानधर्मा याच आठवड्यात मेसेज करू शकतो. आणि तोटाही तोच, की आपण त्याच आठवड्यात त्याची वाट बघायला लागतो.

तर सध्या एवढं करा. नवीन काही लिहू नका दोन दिवस, सहाही भाग वाचा आणि कुठे काय अर्धवट सोडलंय त्याची यादी काढा: वस्तू, न दिलेली उत्तरं, कोणी कोणाला दिलेला शब्द. किल्लीसारखं दुसरं काय आहे ते त्यात सापडेल, नसेल तर सातव्या भागात एक ठेवा. भाग टाकायचा एक वार ठरवा, पंधरा दिवसांनी असला तरी चालेल, पण तो कोणाच्या मेसेजवर हलता कामा नये. सातवा भाग झाला की त्या माणसाला एका ओळीत लिंक पाठवा, "तुम्ही विचारलं होतं म्हणून", बास, पुढे काही विचारू नका, आणि त्याने मेसेज उघडला का हे दिसायची सोय असेल तर ती बंद करा. सातव्यात कुठे गाडी अडली तर तो तुकडा मला पाठवा, मी वाचतो, पण सोबत "कसा वाटला" लिहू नका, कितव्या ओळीला अडलात ते लिहा.